कोरडं तोंड, सोलं आणि लाळ : मालवण-वेंगुर्ले किनाऱ्यावरच्या प्रकल्पाच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२५

मालवण ते वेंगुर्ले या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये ज्यांच्या तोंडाला कायम कोरड असते त्यांना घरी जाऊन तपासायचं, आणि लाळ सुटण्यासाठी कुणाला काय द्यायचं ते ठरवायचं, असं हे काम आहे. सोबत दोन आशाताई आहेत. घरं आणि माणसं त्यांच्या ओळखीची, दातांचं बघायला मी.

काम हाती घेण्याचं कारण दवाखान्याच्या खुर्चीत वारंवार दिसतं. साठी ओलांडलेली बाई येते. आयुष्यभर दात शाबूत होते आणि आता वर्ष-दीड वर्षात हिरडीलगत एकामागून एक काळे पडून मोडायला लागलेत. गोडाची सवय नाही, दात दोन वेळा घासते. मी आरसा गालाच्या आतून फिरवते आणि तो चिकटतो. ओल्या तोंडात आरसा सहज सरकतो. इथे गालाची त्वचा त्याच्याबरोबर ओढली जाते. जिभेवर भेगा, ओठांच्या कोपऱ्यांत चिरा, आणि जिभेखाली जिथे लाळेचं तळं असायला हवं तिथे पांढरा चिकट फेस.

निरोगी माणसाला दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती घास भिजवते, आम्ल निवळवते, दातांना कॅल्शियम-फॉस्फेट परत देते, तोंडातली बुरशी आवरून धरते. ती आटली की दात, चव, गिळणं, बोलणं, कवळी, सगळ्याचीच पंचाईत होते. आणि घरोघरी उत्तर एकच मिळतं, "वय झाला, आता थुकी खयसून येतली?" हे मला मान्य नाही. वयाने लाळ थोडी कमी होते, पण निव्वळ वयाने तोंड असं ठणठणीत कोरडं पडत नाही. मागे बहुतेक वेळा एखादी गोळी असते, आजार असतो किंवा किरणोपचार झालेले असतात.

१८ फेब्रुवारी

मोजायची पद्धत आज पक्की केली. सकाळी नऊ ते अकरा, त्याआधी तासभर तरी खाणं, चहा, मिश्री, पान काही नाही. माणसाला खुर्चीवर ताठ बसवायचं, मान किंचित खाली, आणि पाच मिनिटं तोंडात जमेल ती लाळ हातातल्या कपात सोडायची. कपाचं वजन आधी आणि नंतर. काटा सोनाराकडे असतो तसला लहान डिजिटल. एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिली, हिशोब सोपा. गप्प बसल्या-बसल्या मिनिटाला ०.३ मिलीच्या आसपास लाळ यायला हवी; ०.१ च्या खाली गेली तर ग्रंथींचं काम खरोखर मंदावलंय असं धरायचं.

दुसरं मोजमाप चावताना घ्यायचं. बिनचवीच्या मेणाचा तुकडा पाच मिनिटं चावायला द्यायचा आणि सुटेल ती लाळ पुन्हा कपात. इथे मिनिटाला १ ते २ मिली अपेक्षित आहे.

या दुसऱ्या आकड्यावर सगळी मदार आहे. बसल्या जागी तोंड कोरडं, पण चावल्यावर पाणी सुटतं, म्हणजे ग्रंथी जिवंत आहे, तिला जागं करता येईल. चावूनही काही येत नसेल तर लिंबू, सोल (रातांब्याची वाळवलेली साल, आमसूल), गोळी, गम यांतलं काहीही तोंडात टाकून उपयोग नाही. तिथे ओलावा बाहेरून द्यावा लागतो. लाळ सुटायचा पदार्थ सुचवण्याआधी एवढं बघितलंच पाहिजे. इतकी साधी गोष्ट क्वचितच कुणी बघतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२५ फेब्रुवारी

खाडीकाठच्या वाडीतल्या आजी. "बाय, भाकरेचो घास पान्याशिवाय उतरना नाय. रातीक जीभ टाळ्याक चिकटता." मी म्हटलं, "आजी, गोळ्या कुठच्या घेता त्या दाखवा." त्यांनी फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. रक्तदाबाची गोळी, पायावरच्या सुजेसाठी लघवी जास्त होण्याची गोळी, झोप लागत नाही आणि पाय जळजळतात म्हणून रात्री ॲमिट्रिप्टिलिन, आणि सर्दीला म्हणून मुंबईच्या लेकाने आणून दिलेल्या क्लोरफेनिरामिनच्या गोळ्या, ज्या त्या गेली कित्येक वर्षं रोज घेतायत.

लाळग्रंथींना मज्जातंतूंकडून जो निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन पोचवतं. ॲमिट्रिप्टिलिन आणि सर्दीच्या जुन्या गोळ्या तो निरोप दारातच अडवतात. धोतऱ्यातलं ॲट्रोपिन हेच काम करतं, म्हणून धोतऱ्याची विषबाधा झालेल्याचं तोंड सुकून लाकूड होतं. आजींच्या बाबतीत अडवणारे दोघे, आणि वर लघवीची गोळी शरीरातलं पाणी कमी करणारी.

मेण चावल्यावर कपात चांगली लाळ जमली. ग्रंथी धडधाकट आहेत. त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली: सर्दीची गोळी खरंच लागते का, आणि रात्रीच्या गोळीला पर्याय किंवा कमी मात्रा चालेल का. गोळ्या परस्पर बंद करू नका, असं आजींना दोनदा बजावलं.

६ मार्च

आंबटाबद्दल. इथे कुणाचंही तोंड कोरडं म्हटलं की शेजारीण पहिल्यांदा सोल हातावर ठेवते. "जिभेखाली धर, पाणी सुटात." आणि सुटतं. सगळ्या चवींमध्ये लाळ खेचण्यात आंबटाचा नंबर वरचा. कानापुढची मोठी ग्रंथी आंबटावर पातळ, भरपूर लाळ सोडते. लिंबात सायट्रिक आम्ल, चिंचेत टार्टारिक, कैरीत सायट्रिक आणि मॅलिक, रातांब्याच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक. तोंडात लाळेचा पूर येण्यामागे शरीराचा हेतूच आम्ल धुऊन काढण्याचा असतो. त्या लाळेत बायकार्बोनेट असतं, काही मिनिटांत आम्ल निवळतं आणि दात वाचतात.

कोरड्या तोंडात हा पूर येत नाही. दाताचं इनॅमल सामू (पीएच, आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ५.५ च्या खाली गेला की विरघळायला लागतं, आणि हिरडी सरून उघडं पडलेलं मूळ त्याच्याही आधी. लिंबाचा रस २ ते २.५ च्या घरात. सोल दाताला लागून तासभर तोंडात राहिलं, वर लाळ नाही, तर मूळ मऊ होणारच. दवाखान्यात दिसणाऱ्या त्या हिरडीलगतच्या काळ्या कडांमागे काही घरांत दिवसभर चघळलेलं सोल किंवा लिमलेटची गोळी असते. लिमलेट तर दुहेरी घात: आम्लही आणि साखरही.

म्हणून आम्ही ठरवलं ते असं. ज्यांचे स्वतःचे दात आहेत आणि लाळ कमी आहे त्यांनी आंबट चघळत बसायचं नाही. जेवणाच्या सुरुवातीला सोलकढीचे दोन घोट घ्यावेत. नारळाच्या रसाने आम्लाची धार थोडी बोथट होते आणि घासासोबत ते पोटात जातं. नंतर चूळ. लगेच ब्रश फिरवायचा नाही, अर्धा-पाऊण तास थांबायचं. पूर्ण कवळी वापरणाऱ्यांना दाताचा धोका नाही, त्यांना सोल चालेल, हिरड्या आणि गाल लाल झालेले नसतील तरच.

बिमली या आंबट फळाचं वेगळं सांगायला हवं. परसात झाड वाकेस्तोवर लागतात, म्हणून काहीजण रस काढून पितात. बिमलीत ऑक्झॅलिक आम्ल फार. तिचा रस भरपूर प्यायल्याने मूत्रपिंड निकामी झाल्याचे रुग्ण केरळात नोंदले गेलेत. आमटीत दोन बिमल्या आणि पेलाभर रस, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

२१ मार्च

शिमग्याची गडबड ओसरली. आज सुपारीवरून बराच वेळ बोलणं झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

पूर्वी रापणीच्या मासेमारीला जाणाऱ्या एका काकांनी सरळ विचारलं, "सुपारी खाल्ली की तोंडाक पाणी सुटता. मगे ती कित्याक नको?" प्रश्न अगदी रास्त आहे. सुपारीतलं अरेकोलीन लाळग्रंथीच्या त्याच दारावर थाप मारतं जिथे पायलोकार्पिन हे लाळेचं औषध मारतं. लाळ सुटते हे खरंच आहे. पण तीच सुपारी गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ करते. तोंड उघडेनासं होतं, तिखट सोसवत नाही, आणि पुढे कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पोफळीवर इथल्या कितीतरी घरांचा वर्षाचा खर्च निघतो, हे मी जाणते. तरी कोरड्या तोंडावर इलाज म्हणून सुपारी मी कुणालाही सांगणार नाही, आणि सांगणाऱ्याला अडवीन. कोरड्या तोंडाची त्वचा आधीच नाजूक आणि उघडी असते, तिच्यावर सुपारी आणि चुना म्हणजे इजा ठरलेली.

काकांना पान सोडवत नाही. नुसतं विड्याचं पान, बडीशेप, लवंगेचा बारीक तुकडा, चुना-कात-सुपारी-तंबाखू काही नाही, यावर ते राजी झाले. नाखुशीने, पण झाले.

३ एप्रिल

काका दुसरे. जिभेच्या मुळाशी कर्करोग होता, मुंबईला किरणोपचार झाले, दोन वर्षं झाली. आजार आटोक्यात आहे, पण जेवण म्हणजे शिक्षा. बसून पाच मिनिटांत कप जवळजवळ कोरडा. मेण चावल्यावरही तसाच.

डोक्या-मानेच्या कर्करोगात साधारण ६० ते ७० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा दिली जाते आणि लाळग्रंथी त्या वाटेतच असतात. हल्ली मात्रेला आकार देऊन कानापुढची एक ग्रंथी तरी सरासरी २६ ग्रेच्या आत ठेवायचा प्रयत्न होतो, मग लाळ बऱ्याच अंशी परत येते. प्रत्येकाच्या गाठीच्या जागेत ते जमतंच असं नाही.

घरच्यांनी प्रेमाने दिवसभर सोल, लिंबू, आवळकाठी तोंडात ठेवायला लावलेलं. जिभेच्या कडा सोलवटलेल्या. ते सगळं आज थांबवलं. वहिनींना म्हटलं, "ग्रंथीच उरलेली नाही तिथे आंबटाने पाणी सुटणार कुठून? फक्त जळतं." त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मगे आता काय करूचा?" करण्यासारखं पुष्कळ आहे. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचं लाळेऐवजी वापरायचं द्रावण जेवणाआधी आणि झोपताना. अत्तराच्या फवाऱ्याची बाटली नीट धुऊन तिच्यात साधं पाणी, तासातासाला एक फवारा. उकड्या तांदळाची पेज तूप घालून, मासे रसात शिजवलेले, भाकरी दुधात किंवा कढीत भिजवून. लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच चुळा. ओठांना मुठेल. रातांब्याच्या बियांचं हे तूप थंडीत टाचांना लावतात. अंगाच्या उबेने मऊ होतं आणि ओठांच्या चिरांवर चांगलं बसतं. दारू असलेलं माउथवॉश बंद. उरलेल्या दातांना फ्लोराइड वार्निश मी आजच लावलं.

पायलोकार्पिनचा विचार केला. पण काकांना दमा आहे आणि तो आटोक्यात नाही. अशा दम्यात ते देत नाहीत.

१४ एप्रिल

आशाताईंनी दोन वस्तू आणल्या. वाळवलेलं तिरफळ, आणि विहिरीजवळच्या ओलीत लावलेल्या अक्कलकाऱ्याची फुलं: पाकळ्या नसलेली पिवळी बोंडं. बोबडं बोलणाऱ्या मुलांना इथे ती चघळायला देतात.

अर्धं फूल मी स्वतः चावलं. आधी गवतासारखी चव, मग जिभेच्या टोकाला मुंग्या, मग बधिरपणा, आणि लाळ अशी सुटली की रुमाल काढावा लागला. यातलं द्रव्य स्पिलँथॉल. तिरफळाच्या सालीतल्या झिणझिण्या याच घराण्यातल्या द्रव्यांच्या. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळाची बी काढून साल ठेचून घालतात, ती एवढ्यासाठीच.

लाळ सुटते यात शंका नाही. तरी हे सरसकट द्यायला मी तयार नाही. जीभ बधिर झालेल्या म्हाताऱ्या माणसाला पेज गरम आहे हे कळत नाही आणि गाल चावला जातो. धडधाकट तोंडाच्या माणसाने रसात तिरफळ घालून खावं. सोलवटलेल्या तोंडाला हे दोन्ही नको.

२९ एप्रिल

काजूच्या कारखान्यात काम करणारी ताई, चाळिशीतली. कोरडं तोंड ही तिची तक्रारच नव्हती. ती म्हणाली, "डोळ्यात सारखी रेव गेल्यासारखी वाटते, सालीच्या धुराने असेल." सकाळी बोटांची पेरं आखडतात. गालाच्या मागच्या बाजूला, कानाखाली, दोन्हीकडे मऊ फुगवटा. आरसा गालाला चिकटला.

डोळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे खालच्या पापणीत गाळणकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते बघतात. ५ मिमीपर्यंतच भिजली तर अश्रू कमी. तिची त्याहून कमी भिजली. हा श्योग्रेन आजार असावा असं वाटतं. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली कोरडे डोळे, कोरडं तोंड आणि सांधेदुखी एकत्र बांधून दाखवली. शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उठते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात रक्ततपासणीसाठी चिठ्ठी दिली.

चावल्यावर तिला थोडी लाळ येते. म्हणजे आशा आहे. तोवर झायलिटॉलचं साखर नसलेलं गम, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं. चावण्याचा दाब दातांच्या मुळाशी पोचला की ग्रंथींना निरोप जातो, शिवाय झायलिटॉलवर दात किडवणारे जंतू पोसले जात नाहीत. घरात कुत्रा आहे. गमचं पाकीट वर ठेवायला सांगितलं, झायलिटॉल कुत्र्याला विष आहे.

१२ मे

रातांबे लालबुंद झालेत. अंगणात साली वाळतायत. साल वाळवायची, रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, अशी पुटं चढवताना मीठही घालतात. रक्तदाबाच्या माणसाला ते मीठ नको, आणि खारट चघळल्याने तोंड नंतर जास्त सुकतं. कवळीवाल्या मंडळींसाठी दोन घरांतून बिनमिठाची सोलं करून मागितली.

२७ मे

पाऊस मे महिन्यातच येऊन धडकला. बिनमिठाच्या सोलांना बुरशी आली, टाकावी लागली. मीठ का घालतात ते समोरच दिसलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, पहिल्या तोडीचीच करून घ्यायची.

१९ जून

ताईचं निदान पक्कं झालं. तिथल्या डॉक्टरांनी पायलोकार्पिन ५ मिग्रॅ, दिवसातून तीनदा सुरू केलंय. हे औषध ब्राझीलमधल्या जाबोरांडी झुडपाच्या पानातलं. कुतिन्यो नावाच्या ब्राझिली डॉक्टरने १८७० च्या दशकात ती पानं पॅरिसला नेली, आणि १८७५ मध्ये फ्रान्समध्ये हार्डी व इंग्लंडमध्ये जेरार्ड यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्यातून पायलोकार्पिन वेगळं काढलं. अमेरिकेत कोरड्या तोंडासाठी त्याला परवानगी मिळाली ती १९९४ मध्ये, किरणोपचारानंतरच्या रुग्णांसाठी. श्योग्रेनसाठी १९९८ मध्ये.

ताई म्हणते घाम फार येतो, लघवीला सारखं जावं लागतं. औषध लाळग्रंथीपुरतं थांबत नाही, घामाच्या ग्रंथींनाही जागं करतं. इथल्या दमट हवेत ते जाचकच. पण काल तिने सुकी पोळी पाण्याशिवाय खाल्ली आणि मला फोन करून सांगितलं. आवाजच वेगळा होता. पाणी भरपूर प्यायला आणि काचबिंदूची तपासणी करून घ्यायला सांगितलं. पूर्ण फरक दिसायला काही आठवडे जातात, मध्येच सोडू नको, असंही.

१५ जुलै

आजींची सर्दीची गोळी बंद झाली, रात्रीची अर्ध्यावर आली. आज बसल्या जागचा आकडा ०.१ च्या बराच वर. जेवताना पाण्याचा तांब्या अजून शेजारी असतो, पण घासागणिक नाही. चघळायला ओल्या खोबऱ्याची कातळी त्यांनी स्वतःच सुरू केलीय. दात साथ देतात तोवर ती उत्तम. आजी म्हणाल्या, "त्या पोराक सांग, आता गोळये नको हाडू." मी लेकाला फोन लावून दिला, त्यांनीच सांगितलं.

किरणोपचारवाल्या काकांच्या जिभेच्या कडा भरून आल्यात. लाळ नाही ती नाहीच. पेजेबरोबर आता सुरमईचा मऊ तुकडा खातात आणि वजन घटायचं थांबलंय. फ्लोराइड वार्निश पुन्हा ऑक्टोबरमध्ये.

आशाताईंनी आज नवीन प्रश्न आणला. त्यांच्या भागात डायलिसिसवर असलेले एकजण आहेत. पाणी मोजून प्यायचं आणि तोंड सतत कोरडं, तहानेने जीव कासावीस होतो. त्यांना काय द्यायचं? बिमली बिलकुल नाही, खारं सोल नाही. साखर नसलेलं गम आणि फवाऱ्याची बाटली यांपासून सुरुवात, आणि फवाऱ्याचं पाणीही दिवसाच्या मापात धरायचं. त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांशी संध्याकाळी बोलते. मोजमाप गुरुवारी सकाळी नऊला, डायलिसिस नसलेल्या दिवशी.